फ्लिप व्हर्टिकल

माझ्या पहिल्या तैलचित्रातलं पाणी मी कॉपी-पेस्ट करून काढलं होतं. इसापूर धरणाचा फोटो घेतला, काठाच्या वरचा अर्धा भाग लॅपटॉपवर कापला, ‘फ्लिप व्हर्टिकल’ केला आणि खाली चिकटवला. मग ते सगळं कॅनव्हासवर ट्रेस केलं. प्रतिबिंब म्हणजे उलटा डोंगर, यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं.

चित्र घेऊन आजीसमोर बसलो. तिनं चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “बाबू, हे पाणी नाही. ही फरशी हाय.”

आजीचं मत मला टाळता येण्यासारखं नव्हतं. तिचं माहेर पैनगंगेच्या काठी होतं. ते आता याच धरणाच्या पाण्यात आहे. गाव उठून वर वसलं, माणसं पांगली. तिच्या जुन्या घराचा एकही फोटो नाही. त्या काळात आमच्याकडे फोटो लग्नातच निघायचे, तेही निघाले तर. चित्र काढायचं वेड मला लॉकडाउनमध्ये लागलं, पण या चित्राचं कारण आजी होती. तिला तिच्या माहेराचं काहीतरी द्यायचं होतं. देऊन देऊन मी काय देणार, तर गावावरचं पाणी.

मी चित्रकला शिकलो ती यूट्यूबवर, बॉब रॉसकडून. १९८३ ते १९९४ या काळात ‘द जॉय ऑफ पेंटिंग’चे ४०३ भाग आले. त्यातल्या कित्येक भागांत हा माणूस ओल्या रंगावर ओला रंग लावत अर्ध्या तासाच्या आत तळं उभं करतो. रंग ब्रशनं सरळ खाली ओढायचा, मग हलकेच आडवा ब्रश फिरवायचा, झालं पाणी. युक्ती खरी आहे. पण त्याचे डोंगर अलास्काचे, टोकदार आणि बर्फाचे. आमचे डोंगर काळ्या बसाल्टचे, माथा सपाट, जणू कुणी विळीवर कापलेले. बर्फाऐवजी सागाचं रान. नोव्हेंबरात हिरवं, मार्च-एप्रिलपर्यंत नुसत्या काड्या.

दूरच्या डोंगरासाठी सगळीकडे एकच सल्ला मिळतो, की निळा लावा. लिओनार्दोनंही आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय की अंतर वाढेल तसा डोंगर निळा होत जातो. मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते आणि तो उजेड डोंगराच्या सावलीवर पांघरल्यासारखा पसरतो. म्हणून मी सुरुवातीला सगळे डोंगर अल्ट्रामरीनमध्ये बुडवले. ते पोस्टकार्डासारखे दिसले.

पाहायला बसलो तेव्हा कळलं की आमच्याकडे डोंगराचा रंग महिन्यावर ठरतो. पावसाळा संपून हवा धुतली गेली की लांबचा डोंगर खरंच निळा असतो. मे महिन्यात तो निळा नसतोच. धुळीनं भुरका होतो, आकाशात विरघळतो. आणि सकाळी डोंगराचा पायथा माथ्यापेक्षा फिका दिसतो, कारण धुकं आणि धूर खाली साचलेला असतो. मी पायथा गडद करायचो, डोंगर ‘बसावा’ म्हणून. त्यामुळेच तो जवळ यायचा. लांब पाठवायचा तर त्याचा गडदपणा काढून घ्यावा लागतो आणि कडा मऊ कराव्या लागतात. आता मी अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना घालतो, करडा निळा करतो आणि मग पांढरा वाढवत जातो.

पाण्यानं मात्र मला छळलं. मी इंजिनिअर असल्यामुळे आधी समीकरणाकडे गेलो. गेम्समधलं पाणी खरं वाटावं म्हणून ग्राफिक्समध्ये फ्रेनेलचा नियम वापरतात. पाण्यात सरळ खाली पाहिलं तर पृष्ठभाग जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतो. नजर जितकी तिरपी, तितकं प्रतिबिंब वाढतं. अगदी लांबवर पाणी जवळजवळ आरसा होतं. म्हणजे माझ्या पायाशी गढूळ तळ दिसायला हवा होता आणि पलीकडच्या काठाशी आकाश. मी सगळीकडे सारखाच आरसा लावला होता. आजी त्याला फरशी म्हणाली होती. तिला फ्रेनेल माहीत नव्हता, फरशी माहीत होती.

दुसरी गोष्ट गाळाची. धरणाच्या पाण्याला स्वतःचा मातकट रंग असतो. तो प्रतिबिंबात मिसळतो. म्हणून काळं झाड पाण्यात थोडं उजळ दिसतं आणि उजळ आकाश थोडं गडद. मी दोन्हीकडे एकाच डबीतला रंग वापरला होता.

तिसरी गोष्ट मला पुस्तकानं नाही, धरणानं शिकवली. मोटारसायकल काढून पहाटे परत गेलो. वारा पडलेला होता. काठाजवळच्या उंचवट्यावर बसलो. समोर एक बुटकं टेकाड, त्याच्यामागे लांब मोठा डोंगर. वर पाहिलं तर टेकाडाच्या वर डोंगराचा बराच भाग दिसत होता. पाण्यात पाहिलं तर डोंगराची जेमतेम एक पट्टी. टेकाडानं त्याला जवळजवळ झाकलं होतं. आधी वाटलं डोळ्यांचा घोळ आहे. खाली उतरून पाण्याच्या कडेला उकिडवा बसलो, तर फरक जवळजवळ नाहीसा झाला. पुन्हा वर चढलो, पुन्हा आला.

तिथंच वहीत रेघा मारून पाहिलं. प्रतिबिंब ही वरच्या चित्राची उलटी प्रत नसते. माझा डोळा पाण्याच्या जितका वर आहे, तितकाच एक डोळा पाण्याच्या खाली आहे असं समजा. त्या खालच्या डोळ्याला जे दिसेल, ते प्रतिबिंब. खालून पाहणाऱ्याला जवळचं टेकाड उंच वाटतं आणि मागचा डोंगर झाकला जातो. वाकलेल्या फांदीची वरची बाजू मला दिसते, पाण्यात तिची खालची बाजू दिसते. माझ्या ‘फ्लिप व्हर्टिकल’मध्ये हे येणं शक्यच नव्हतं.

मग लक्षात आलं की खालून पाहणारे डोळे इथं खरोखर होते. गाव माझ्या अगदी पायाखाली नव्हतं, पुढे पाण्यात कुठंतरी होतं. गणित तंतोतंत जुळणार नव्हतं. पण पाण्यातला डोंगर हा वरच्या डोंगरापेक्षा आजीच्या डोंगराच्या जवळचा होता.

घरी येऊन पाण्याचा भाग खरवडून काढला आणि पुन्हा रंगवला. पायाशी मातकट, पुढे जाता जाता आकाश. टेकाड पाण्यात उंच केलं, डोंगर त्याच्यामागे ढकलला. मधे वाऱ्याची एक उजळ आडवी रेघ, कारण लांबवर झुळूक उतरली की तिथलं प्रतिबिंब पुसलं जातं आणि वरचं आकाश चमकतं. शेवटी ब्रश सरळ खाली ओढला. लाटेनं प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या दिशेनं लांबतं; बॉब रॉसची युक्ती का चालते हे तेव्हा उमगलं.

आजी शेजारी बाजेवर बसून होती. तिनं लिंसीड ऑइलची बाटली उघडून वास घेतला. “हे तर जवस होय नं?” जवसच. आमच्याकडे ज्याची चटणी होते तेच. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून चित्र वाळायला दिवस लागतात, असं मी तिला सांगितलं. “आमच्या घरी याचा घाणा भरून यायचा,” ती म्हणाली. माहेराबद्दल ती एवढं सहज बोलत नाही.

चित्र झालं तेव्हा मी तिला काहीच समजावलं नाही. तिनं पाहिलं. मग कॅनव्हास कडांना धरून उलटा केला. ओला रंग तिच्या अंगठ्याला लागला. पाणी वर गेलं, डोंगर सरळ झाला.

“दारातून असंच दिसे,” ती म्हणाली. “टेकाडाच्या मागून डोंगराचं डोस्कंच फक्त. दिवस तिकडूनच निघे.”

मी गप्प बसलो. तिनं अजून थोडा वेळ पाहिलं, मग बोट ठेवून विचारलं, “अन् चिंच कुठं हाय?”

“कोणती चिंच?”

“दारातली. इथं पाहिजे होती.”

दारातली चिंच पाण्यावर नाही, म्हणून पाण्यातही नाही. प्रतिबिंबाला वर काहीतरी उभं असावं लागतं. हे मला माहीत होतं, आणि मला वाटतं, तिलाही माहीत होतं. तरी मी विचारलं, किती मोठी होती? तिनं हात पसरून दाखवलं.

चित्र अजून भिंतीवर लागलेलं नाही. ते कसं टांगायचं, यावर आमचं ठरत नाहीये. तिच्या अंगठ्याचा ठसा कोपऱ्यात आहे, तो मी पुसला नाही. चिंच काढायची झाली तर प्रकाशाचा एकही नियम मला मदत करणार नाही. तिला विचारत विचारत काढावी लागेल.