परतीची पत्रं

तानसेन, नेपाळ

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

पोखरा सकाळी सोडलं. माछापुच्छ्रेचं शिखर लख्ख दिसत होतं. आलो तेव्हा याच शिखरासाठी पोरं पहाटेच्या थंडीत गच्चीवर जाऊन बसली होती. आज गाडीतून एकानंही मान वळवली नाही. आता सगळ्यांचं लक्ष फक्त किलोमीटरच्या दगडांवर.

खाली उतरणारा हा सिद्धार्थ राजमार्ग भारताच्या मदतीनं बांधलेला. नाव राजमार्ग, पण वळणं अशी की आपला कोंडाईबारी घाट सरळसोट वाटावा. वालिंगच्या पुढे धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. जिजींनी ओव्याची पुरचुंडी सोडली. तुमचे चिरंजीव नि मी सकाळपासून बोलत नाही आहोत; कुठे वळायचं ते मी जिजींना सांगते, जिजी त्यांना सांगतात.

जेवायला रोज डाळ-भात. भात सुरेख, आग्रहानं पुन्हा वाढतात. डाळ मात्र पातळ. काल जिजी वाटीत डोकावून म्हणाल्या, "ही डाळ नाही, डाळ धुतलेलं पाणी आहे." मानांकन मिळालेल्या नवापूरच्या तुरीवर ज्यांचा जन्म गेला त्यांची समजूत कोण घालणार?

फोनवर खुशाली कळतेच, पण त्यावरची अक्षरं तुम्हाला वाचवत नाहीत म्हणून हा कागद. इथून टाकला तर आमच्यानंतर पोचेल. हद्दीपलीकडच्या पेटीत टाकते.

गोरखपूर

ती. आप्पांस, सा. न.

सुटलो एकदाचे. गाडीचं भन्सार आजच संपत होतं. भन्सार म्हणजे परक्या गाडीला दिवसाच्या हिशेबानं भरावा लागणारा जकातीचा पैसा. मुदत उलटली की दंड. त्यामुळे लुंबिनीला जेमतेम तासभर दिला, नि त्यातलाही बराचसा चपला काढण्याघालण्यात गेला. बुद्धाचं जन्मस्थान असं घाईत उरकणं मला पटलं नाही. फिरण्याचे दिवस आपण हौसेनं आखतो आणि परतीला उरलेसुरले देतो, त्यापेक्षा काठमांडूतली एक खरेदीची संध्याकाळ कापायला हवी होती.

अशोकाचा स्तंभ मात्र पाहिला. १८९६ साली सापडला तो हा. ब्राह्मी लेखात लिहिलंय की बुद्धाचा जन्म इथे झाला म्हणून राजानं लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि पिकातला वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. हे ऐकून चिरंजीव भन्सारची पावती चाचपत म्हणाले, "आम्ही दोन हजार वर्षं उशिरा आलो." दिवसभरात ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

बेलहियापासून सोनौलीपर्यंत ट्रकांची रांग. कमान समोर दिसते, पण गाडी हलत नाही. नेपाळचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे. ती पंधरा मिनिटं इकडे परत मिळाली, आणि त्या रांगेतच खर्ची पडली. मोठी कंटाळून म्हणाली, "आपल्या नवापूरच्या स्टेशनवर कसं, बाकावर सरकलं की गुजरात!" खरंच आहे. तिकीट महाराष्ट्रात काढायचं, स्टेशनमास्तरांना गाठायचं तर गुजरातेत जायचं. १ मे १९६० ला हद्द पडली ती थेट फलाटावरून, तरी तुमच्या संध्याकाळच्या बैठकीला कुणी पावती मागत नाही. हे पोरीनं शेजारच्या ट्रकवाल्याला रंगवून सांगितलं. त्यानं विश्वास ठेवला नाही.

सेंधवा

ती. आप्पांस, सा. न.

लखनौ, कानपूर बाहेरूनच. झाशीचा किल्ला दिसला, तेव्हा विचारलं, उतरायचं का? धाकटा म्हणाला, पुस्तकात आहे. शिवपुरी, गुना, देवास कधी गेलं मला आठवत नाही. इंदूरचे पोहे आठवतात, कारण ते उभ्यानं खाल्ले आणि उभं राहणं हेच सुख होतं.

गाडीची दशा विचारू नका. पायाखाली चिवड्याचा चुरा, खिडकीच्या काचेत अडकवलेला ओला टॉवेल, मागच्या फळीवर पशुपतिनाथाचा प्रसाद नि त्यावर धाकट्याचे मोजे. जिजींनी मोजे उचलले, प्रसाद कपाळाला लावला नि काही बोलल्या नाहीत. खालघाटला नर्मदा आली तेव्हा मात्र सगळ्यांना उठवून हात जोडायला लावले.

पाय लोंबकळत ठेवून त्यांचे पाय सुजलेत. जोडवी रुतायला लागली, निघेनात. शेवटी पेट्रोलपंपाच्या नळावर साबण लावून मी ती एकेक फिरवत काढली. कुंकवाच्या डबीत ठेवलीत. दुखत होतं, पण त्यांचं लक्ष सगळं डबीचं झाकण घट्ट लागलं का याकडे.

इथे कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलाय. चहावाला अर्धं मराठी बोलतो, त्यावरच पोरं खूश. उद्या बिजासन घाट उतरलो की शिरपूर, तापी, धुळे. पुढचं साक्रीनंतरचं तुम्हाला ठाऊकच आहे. चौपदरीकरणाच्या नावाखाली वर्षानुवर्षं उकरलेला तो रस्ता आमच्यासाठी रातोरात झाला नसेल. त्यामुळे वेळ सांगत नाही. विसरवाडीहून फोन करू.

तेव्हाच सांगेन, अंगणातली खाट बाजूला घेऊन ठेवा, गाडी आत घ्यायचीय; आणि वरण घट्ट लावायला शेजारच्या काकूंना सांगा. हे पत्र पेटीत न टाकता मीच हातात देणार आहे. वाचलंत तरी जोडव्यांचं जिजींना विचारू नका. मला सांगू नको म्हणून बजावलंय.

तुमची सून