घरोघरचे परीक्षक

न्यायाधीश होण्यास कायद्याची पदवी लागते, वैद्य होण्यास वैद्यकाची. आणि साध्या शिंप्यासही स्वतःचे दुकान मांडण्यापूर्वी चार वर्षे कोणाच्या तरी हाताखाली काजे-बटणे करीत बसावे लागते. परंतु दूरदर्शन संचासमोर बसून दुसऱ्याच्या पोशाखाची परीक्षा करावयाची तर त्यास कोणतीही सनद लागत नाही. हाती चहाचा पेला असला आणि अंगावर घरचे जुनेर असले म्हणजे पुरे. जगातील कोणत्याही सुंदरीस दहापैकी दोन गुण देण्याचा अधिकार आपणांस आपोआप प्राप्त होतो. चित्रपटांच्या पारितोषिक-समारंभाच्या रात्री तर घरोघरी असे परीक्षक निर्माण होतात, आणि त्यांचे एकमत मात्र कधीच होत नाही.

आमचे बिऱ्हाड पनवेलास लाइन आळीत आहे. ता. १३ मार्च २०२३, सोमवार, या दिवशी आमच्या घरातील परीक्षक-मंडळाची बैठक विशेष रंगली होती. त्या सकाळी, म्हणजे अमेरिकेतील लॉस एंजलिस येथे अद्यापि रविवारची सायंकाळ असताना, ऑस्कर पारितोषिकांचा ९५ वा समारंभ झाला. ‘आर आर आर’ या तेलुगू चित्रपटातील ‘नाटू नाटू’ या गीतास सर्वोत्कृष्ट गीताचे, आणि ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटास त्याच्या वर्गातील पारितोषिक मिळून भारताचे नाव दोनदा दुमदुमले. पहाटे साडेपाचाची वेळ ही आमच्या घरी डबे भरण्याची व लोकल गाठण्याची. म्हणून सर्वांनी तो समारंभ रात्री जेवणे उरकल्यावर सावकाश पाहिला. कोणास काय मिळाले हे सकाळीच कळून चुकले होते. उरले होते ते केवळ कोण काय ल्याले हे पाहण्याचे काम.

आरंभ आजींनी केला. १९६१ सालापासून त्या समारंभास तांबडा गालिचा अंथरण्याची चाल आहे. परंतु त्या वर्षी प्रथमच तो रंग सोडून फिकट बदामी गालिचा अंथरला होता. आजी चष्मा सारखा करून म्हणाल्या, “लग्नघरची सतरंजी धुतली वाटतं; रंग पार गेला की हो तिचा!” दीपिका पदुकोण काळा पायघोळ झगा व लांब काळे हातमोजे घालून आल्या, तेव्हा काकूंस त्या हातमोज्यांचीच चिंता लागली. “मार्चात हातमोजे! पनवेलात असती तर घामोळं आलं असतं पोरीला.” ज्युनिअर एनटीआर यांच्या काळ्या अंगरख्याच्या खांद्यावर सोनेरी कशिद्याचा वाघ होता. तो पाहताच आमच्या चिरंजीवांनी, असा वाघ शाळेच्या गणवेशावर चालेल काय, असा प्रश्न विचारला. त्यास कोणीच उत्तर दिले नाही. काकांचा अभिप्राय सर्वांत संक्षिप्त होता. एकामागून एक काळे कोट घातलेले पुरुष येत, आणि काका म्हणत, “बरा आहे.”

येथवर सर्व निर्मळ विनोदाचे काम होते, आणि अशा विनोदावाचून घरास घरपण येत नाही, असे आमचे मत आहे. किंबहुना आजींच्या बोलण्यात कित्येकदा खरे ज्ञान असते. एखाद्या ऐतिहासिक चित्रपटात नऊवारीचा कासोटा चुकीचा घातलेला असला, तर तो त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आणि तो चुकला आहे हे त्यांनी सांगितल्यावाचून आम्हांस कळतही नाही. वस्त्राची पारख ही एक विद्याच होय. परंतु जसजशी रात्र चढली, तसतसे बोलणे वस्त्रावरून घसरून वस्त्राच्या आतील माणसावर आले. ही किती सुटली, ती किती वाळली, या वयात हे शोभते काय, हिला कोणी आरसा दाखवला नाही काय, अशी वाक्ये खोलीत फिरू लागली. त्यांतील बहुतेक स्त्रियांच्या वाट्यास आली. पुरुषांस काकांचे “बरा आहे” एवढेच पुरत होते.

त्या रात्री दाराशी आमच्या शेजारच्या मावशी बसल्या होत्या. त्या घरी शिवणकाम करून संसार चालवितात. आळीतील निम्म्या ब्लाउजांवर त्यांच्या यंत्राचा टाका आहे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एक नटी आपल्या झग्याचा भला मोठा घोळ मागे ओढीत पायऱ्या चढू लागली, तेव्हा इतर मंडळी हसत असता त्या हलकेच म्हणाल्या, “एवढा घेर एकटीनं होत नाही. खालची सगळी हातशिलाई आहे. दोघीतिघी जणी रात्र रात्र बसल्या असतील.” पुढे एक वयस्कर बाई सोनेरी बाहुली घेऊन बोलू लागल्या. खोलीत अद्यापि मागच्याच झग्याची चर्चा चालू होती. मावशींनी विचारले, “हिला कशाचं मिळालं?” चिरंजीवांनी पडद्यावरील अक्षरे वाचून सांगितले, “कपड्यांचं.”

त्या बाई म्हणजे रूथ कार्टर. वेशभूषेचे ऑस्कर दोनदा मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. ज्या खोलीत दोन तास कपड्यांवाचून दुसरा विषय नव्हता, त्या खोलीत कपडे करणारणीचे पारितोषिक एकट्या शिवणाऱ्या मावशींनी पाहिले.

वास्तविक पारितोषिक आणि पोशाख यांची ही गाठ पहिल्यापासूनची नव्हे. ऑस्करचा पहिला समारंभ ता. १६ मे १९२९ रोजी हॉलिवुड येथील एका हॉटेलात झाला, तो सुमारे पंधरा मिनिटांत आटोपला. आणि विजेत्यांची नावे तर तीन महिने आधीच जाहीर झालेली होती. दूरचित्रवाणीवर तो समारंभ प्रथम दिसला तो १९५३ साली. आपल्याकडे फिल्मफेअर पारितोषिके १९५४ साली मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात प्रथम दिली गेली. त्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. म्हणजे पदक घेताना अत्रे यांनी काय परिधान केले होते याची चिकित्सा करण्याची संधी महाराष्ट्रातील घरांस मिळाली नाही. लोकांच्या ध्यानात राहिले ते पडद्यावरील आईचे साधे लुगडे, आणि त्या लुगड्यातील मातेचे मन. पुढे समारंभ घराघरांत शिरले. त्यांतही आपल्याकडील बहुतेक समारंभ आधी चित्रित करून मागाहून सवडीने दाखविले जातात. तोवर निकाल वर्तमानपत्रात येऊन शिळा झालेला असतो. निकालाची उत्कंठा संपली म्हणजे डोळ्यांस दुसरे काय काम उरणार? ते साहजिकच जरीकडे व झालरीकडे वळतात. प्रेक्षक उथळ झाला असे म्हणण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे पान वाढतानाच वरण-भात आधी संपलेला असतो, आणि केवळ चटण्या-कोशिंबिरी उरलेल्या असतात.

चटणीही करावी लागते, आणि ती करणाराचे हात असतात, एवढेच मात्र आपण विसरतो. वाचकांपैकी किती जणांस ठाऊक आहे की, ऑस्कर मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती ही नट नव्हे, नटी नव्हे, दिग्दर्शकही नव्हे, तर आपल्या कोल्हापूरची एक मराठी वेशभूषाकार होती? भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी झाला, म्हणजे त्या पहिल्या पंधरा मिनिटांच्या समारंभाच्या बरोबर अठरा दिवस आधी. वडील चित्रकार होते. मुलीने मुंबईस येऊन सर ज. जी. कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले, आणि पुढे शंभरांहून अधिक चित्रपटांची वेशभूषा केली. ‘आम्रपाली’ या १९६६ सालच्या चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. ‘लगान’साठी खेड्यातील माणसांची साधी वस्त्रे सिद्ध केली. ‘गांधी’ या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांस ता. ११ एप्रिल १९८३ रोजी ऑस्कर मिळाले.

तो चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांनी एक गोष्ट आठवून पाहावी. आरंभी दक्षिण आफ्रिकेतील तरुण बॅरिस्टर विलायती पोशाखात आहे. शेवटी तोच मनुष्य एक पंचा नेसून व एक उपरणे पांघरून जगापुढे उभा आहे. मधल्या साऱ्या आयुष्याची वाट त्या वस्त्रांवरून चालत गेलेली दिसते. असे असूनही पाहताना आपणांस कपडे दिसत नाहीत, गांधीजीच दिसतात. वेशभूषाकाराचे यश ते हेच, की त्याचे काम पुढे पुढे न करता माणसास पुढे आणते. तेथे नवे कापड धुऊन, चोळामोळा करून जुने करावे लागते; वापरलेले दिसण्यासाठी ते खपावे लागते. अशा कामास टाळी पडत नाही, कारण ते केलेले आहे असे कोणास वाटतच नाही. भानुताईंनी ती सोनेरी बाहुली उतारवयात, २०१२ साली, आपल्यामागे ती नीट जपली जावी म्हणून अमेरिकेतील त्या संस्थेकडेच परत सोपविली. ता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या निवर्तल्या.

आता जे सांगावयाचे ते आमच्या आळीतीलच आहे. शेजारच्या मावशींस एक कन्या आहे. २०२३ सालच्या डिसेंबरात ती आठवीत असताना तिला शाळेच्या वार्षिक समारंभात बक्षीस मिळाले. शाळेचे नाव येथे नको. त्या दिवशी गणवेशाची सक्ती नव्हती. मावशींनी आपल्या जुन्या रेशमी साडीचा परकर-पोलका शिवून तीस घातला. साडीचा काठ एके ठिकाणी विरला होता. तेथे त्यांनी असा जोड दिला की तो दाखवूनही आम्हांस सापडला नाही. मुलगी व्यासपीठावर गेली, आणि खाली बसलेल्या मुलामुलींनी टेलिव्हिजनवरील परीक्षकांप्रमाणे बोटे वर करून गुण दिले. “आईची साडी फाडली वाटतं!” “दहापैकी दोन!” ती मुले दुष्ट नव्हती. त्यांनी ही भाषा कोठून तरी ऐकली होती, आणि ती ऐकण्यास लांब जावे लागत नाही. नटीस ती ऐकू जात नाही, म्हणून आपण घरी मोकळेपणे बोलतो. परंतु त्याच खोलीत बसून गृहपाठ करणाऱ्या मुलास ती स्वच्छ ऐकू जाते. मुलगी खाली उतरली, आणि समारंभ संपेपर्यंत बक्षिसाचे पुस्तक पोलक्यावर आडवे धरून बसली. घरी आल्यावर, पुढल्या वर्षी मी स्टेजवर जाणार नाही, एवढेच ती म्हणाली. मावशींनी परकर घडी करून ट्रंकेत ठेवला.

त्यानंतरच्या मे महिन्यात, २०२४ साली, फ्रान्समधील कान येथील महोत्सवात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ या चित्रपटास ‘ग्रां प्री’ हा मोठा सन्मान मिळाला. त्यात आपल्या मराठी अभिनेत्री छाया कदम यांनी मुंबई सोडून कोकणातील गावी परतणाऱ्या पार्वतीची भूमिका केली आहे. जेथे जगातील नामांकित कारागिरांचे झगे मिरवतात, त्या महोत्सवात एके दिवशी त्या आपल्या दिवंगत आईची साडी नेसून व आईचीच नथ घालून गेल्या. आईस विमानातून हिंडवून आणण्याची इच्छा अपुरी राहिली, निदान तिची साडी व नथ तरी आपण विमानातून आणली, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले होते. ते छायाचित्र आम्ही मावशींच्या मुलीस दाखविले. तिने ते पुष्कळ वेळ न्याहाळले. हसेल, रडेल, निदान काही समाधानाचे बोलेल, अशी आमची अपेक्षा होती. तिने विचारले, “ब्लाउज कोणी शिवला असेल?” ती खरोखर आपल्या आईचीच लेक.

विद्यार्थिमित्रांनो, कपड्यांविषयी बोलूच नका, असे आम्ही सांगणार नाही. अवश्य बोला. काठ कोणता, वीण कोणती, हा घोळ पडला कसा, हा रंग त्या प्रसंगास का साजला वा का साजला नाही, हे विचारा. आजीस विचारा, शिवणाऱ्या मावशीस विचारा, म्हणजे तुमची रसिकता वाढेल. वस्त्र हे मनुष्याने केलेले असते, त्यात चूक असू शकते, व ती दाखविता येते. मनुष्याची उंची, रंग, वय अथवा त्याच्या बापाचा पगार ही शिवणीतील चूक नव्हे. ती उसवून पुन्हा घालता येत नाही. आणि पालकांस आमची एवढीच विनंती की, पुढील समारंभाच्या रात्री खोलीत कोण कोण बसले आहे, हे बोलण्यापूर्वी एकदा मोजून पाहावे.

२०२४ सालच्या डिसेंबरात त्या मुलीस पुन्हा बक्षीस मिळाले, आणि ती व्यासपीठावर गेली. ही हकीकत आम्ही ज्यांस ज्यांस सांगितली, त्या प्रत्येकाने लागलीच विचारले, “मग काय घालून गेली?” ते आम्ही कोणासही सांगितले नाही, व येथेही सांगत नाही. बक्षीस गणिताचे होते.