यंत्राचा ताळा

गुणाकार करून झाला कीं नवाचा ताळा पाहावा, ही जुन्या पंतोजींची शिकवण. ताळा जुळला नाहीं तर उत्तर निःसंशय चुकलें. पण जुळला तर तें बरोबर असेलच, असें मात्र नव्हे. 72 च्या जागीं 27 लिहिले गेले तरी नवाचा ताळा आपला मुकाट्यानें जुळतो! परीक्षेची मर्यादा या लहानशा उदाहरणांत जितकी स्पष्ट दिसते, तितकी मोठमोठ्या ग्रंथांतूनही क्वचितच दिसेल. गेले कांहीं महिने आम्ही ज्या उद्योगांत गढून गेलों आहों, तो अशाच एका ताळ्याच्या रचनेचा आहे. फरक इतकाच कीं हा ताळा गणिताचा नसून गणित करणाऱ्या यंत्राचा आहे.

निमित्त घडलें तें नंदुरबार तालुक्यांतील रनाळे येथें. तेथील आमच्या परिचयाचा एक तरुण लग्नांच्या चित्रफिती तयार करून देतो. लग्नसराई ऐन वैशाखांतली, आणि घाई सर्वांनाच. नवा संगणक परवडेना, तेव्हां त्यानें आहे त्याच संगणकाचा प्रोसेसर ठरीव गतीहून अधिक गतीनें चालविण्याचा मार्ग पत्करला. यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. यांत कांहीं चोरीचा मामला आहे, असें वाचकांनीं समजूं नये. एकाच चकतीवर घडलेल्या चिपा सारख्या गुणाच्या नसतात. कारखानदार त्या तपासून निरनिराळ्या गतीच्या म्हणून विकतो, आणि सर्व परिस्थितींत निभाव लागावा यासाठीं थोडी गति हातची राखतो. ती राखीव गति वापरावयाची, एवढाच यांतील डाव. 1998 सालच्या इंटेलच्या सेलेरॉन 300ए या 300 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला अनेक हौशी लोकांनीं 450 पर्यंत पळविलें, तेव्हां या छंदाला विशेष बहर आला.

परंतु राखीव गति नेमकी किती, हें चिपेवर लिहिलेलें नसतें. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेंत घोड्यांचा बाजार भरतो. तेथें जाणता गिऱ्हाईक घोड्याच्या नुसत्या रूपावर भुलत नाहीं. त्याला चालवून, दौडवून पाहतो. संगणकाला दौडविण्यासाठीं जगभर प्राइम95 नांवाची आज्ञावली वापरतात. जॉर्ज वोल्टमन या अमेरिकन गृहस्थांनीं ती लिहिली ती मुळांत मेर्सेन मूळ संख्यांच्या शोधासाठीं. त्यांनीं आरंभिलेला तो सामुदायिक शोध 1996 पासून चालूं आहे. लक्षावधि अंकी संख्यांचे वर्ग पुनःपुन्हा करावयाचे, आणि मध्यें एक अंक चुकला कीं पुढील सारें काम फुकट! म्हणून या आज्ञावलींत वाटेवर ताळे बसविलेले आहेत. गुणाकार अपूर्णांकांच्या वाटेनें केला तरी उत्तर पूर्णांकाच्या अगदीं लगत आलें पाहिजे, अंतर 0.4 च्या पलीकडे गेलें कीं यंत्र चुकलें असें ती जाहीर करते. चुकीचें इतकें भय बाळगणारी आज्ञावली यंत्रांची कसोटी होऊन बसावी, हें स्वाभाविकच म्हटलें पाहिजे. पुढें जानेवारी 2016 मध्यें इंटेलच्या तेव्हां नव्या स्कायलेक प्रोसेसरांत एक दोष असल्याचें इंटेलनें मान्य केलें, आणि तो उघडकीस आला तो याच आज्ञावलीच्या एका विशिष्ट गणितांत. ते प्रोसेसर तर ठरीव गतीवरच चालत होते!

मग आम्हीं निराळी आज्ञावली लिहिण्याचा खटाटोप कां करावा? कारण असें, कीं या तरुणाचा संगणक मार्गशीर्षांत प्राइम95 च्या कसोटीला रात्रभर टिकला होता. तरीही एका चित्रफितींत अक्षता पडण्याच्या ऐन क्षणीं वधूच्या मुखावर हिरवे चौकोन उमटले. यंत्र बंद पडलें नाहीं, कुरकुरलेंही नाहीं. बंद पडणारें यंत्र एका अर्थीं प्रामाणिक म्हणावयाचें. बिनबोभाट चुकणारें यंत्रच घातक. अक्षता कांहीं दुसऱ्यांदा पडत नाहींत.

विचार करतां आम्हांस दिसून आलें कीं सतत दौडणें निराळें आणि उभें राहून एकदम उसळी घेणें निराळें. चित्रफितीच्या कामांत यंत्र क्षणभर स्वस्थ असतें, क्षणांत पुरें जुंपलें जातें; त्या झटक्यासरशीं प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब किंचित् खालीं येतो, आणि नेमकें तेव्हांच एखादें गणित बिघडतें. म्हणून आमची आज्ञावली भार देते, काढते, पुन्हा देते. प्रत्येक कोअरला एकएकटें आणि मग सर्वांना मिळून.

खरी अडचण पुढेंच होती. ताळा पाहणारी आज्ञावली संशयित यंत्रावरच चालावयाची, म्हणजे आरोपी तोच न्यायाधीश! यावर पुरता उपाय नाहीं. आम्हीं उत्तरें ठरीव गतीच्या दुसऱ्या संगणकावर काढून सोबत दिलीं, आणि प्रत्येक फेरीपूर्वीं तिचा क्रमांक तबकडीवर लिहून ठेवण्याची व्यवस्था केली. यंत्र मध्येंच मेलें तरी कोठें मेलें हें मागें उरतें. दुसरी लबाडी उष्णतेची. पुष्कळ प्रोसेसर शंभर अंश सेल्सियसच्या सुमारास पोंचले कीं आपण होऊन गति उतरवितात. घोडा दौड सोडून चालीवर आला आणि परीक्षकानें दौडीचें प्रशस्तिपत्र दिलें, तर त्याला काय म्हणावें? म्हणून आतां प्रत्येक फेरीबरोबर गति आणि उष्णताही नोंदली जाते.

खानदेशांत तर उष्णतेला वगळून कोणतीच परीक्षा पुरी होत नाहीं. मार्गशीर्षांतील रात्रीं खोलींत 20 अंश असतील, तर वैशाखांतल्या दुपारीं 42. पंखा तोच, भार तोच, म्हणजे चिपही सुमारें 22 अंशांनीं अधिक तापणार. त्यामुळें गेल्या वैशाखांत दुपारीं दोन वाजतां, पत्र्याखालच्या त्याच खोलींत, आम्हीं परीक्षा लावली. 4700 मेगाहर्ट्झवर तिसऱ्या तासांत एका कोअरचें उत्तर चुकलें. उतरवून 4500 वर आणल्यावर दुसऱ्या दिवशीं सूर्यास्तापर्यंत एकही चूक सांपडली नाहीं.

"आतां नक्की ना, काका?" तरुणानें विचारलें.

"सांपडली नाहीं, एवढेंच सांगतां येईल," आम्ही म्हणालों.

त्यानें आणखी शंभर मेगाहर्ट्झ कमी केले, आणि मूळ चित्रण दुसऱ्या तबकडीवर उतरवून घेतल्यावांचून कामाला हात घालावयाचा नाहीं असें ठरविलें.