शेवटची फेरी सगळ्यांचीच स्लो असते

१५०० मीटर. मुंबईत रिक्षाचं मिनिमम भाडं जेवढ्या अंतराला पडतं, बरोबर तेवढं. स्पीड स्केटिंगच्या बर्फावर मात्र जगातल्या सगळ्यात फास्ट बायका हेच अंतर दोन मिनिटांच्या आत कापतात आणि फिनिश लाइन ओलांडली की गुडघ्यांवर हात टेकून श्वास शोधत राहतात.

आता तुम्ही म्हणाल, डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला बर्फाचं काय एवढं? खरंय. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाला, नाहीतर मासळीबाजार. पण फ्रीलान्स जर्नलिस्टला रात्री दोन वाजता सोबत कुणाची? डेडलाइनची आणि यूट्यूबची. तिथेच मला ही रेस सापडली. बीजिंग विंटर ऑलिम्पिक्स, ७ फेब्रुवारी २०२२, महिलांची १५०० मीटर.

फंडा असा. ४०० मीटरचा ओव्हल ट्रॅक. एका वेळी दोघीच. पहिले ३०० मीटर, मग तीन पूर्ण फेऱ्या. वळणावर आतल्या लेनला अंतर कमी, म्हणून आतली पुढे गेल्यासारखी दिसते. पण पुढे लेन बदलायच्याच असतात, त्यामुळे शेवटी हिशेब सारखा. आणि शेजारचीला हरवलं म्हणजे मेडल मिळालं, असंही नाही! खरी रेस घड्याळाशी. सगळ्या जोड्या धावून होईपर्यंत कोण कुठे, कळतच नाही.

स्प्रिंटमध्ये सगळं उधळून टाकता येतं. लांब रेसमध्ये दम राखता येतो. १५०० मध्ये दोन्ही एकदम करावं लागतं. इतकं खाली वाकून स्केट करायचं, की मांड्यांना रक्त नीट पोचत नाही आणि शेवटच्या फेरीत पाय अक्षरशः पेटतात. ती फेरी जवळपास प्रत्येकीची आधीपेक्षा स्लो असते. चॅम्पियनचीसुद्धा! फरक इतकाच की कोण किती कमी मंदावतं.

बीजिंगमध्ये जिंकली नेदरलँड्सची आयरीन व्यूस्ट. वय ३५. वेळ १ मिनिट ५३.२८ सेकंद, तेव्हाचा ऑलिम्पिक विक्रम. तिचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड २००६ चं, ट्युरिनमधलं, १९ व्या वर्षीचं. मग २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२. पाच वेगवेगळ्या ऑलिम्पिक्समध्ये वैयक्तिक गोल्ड जिंकणारी ती पहिलीच खेळाडू. आणि १५०० मधला तिचा पाच ऑलिम्पिक्सचा हिशेब? ब्राँझ, गोल्ड, सिल्व्हर, गोल्ड, गोल्ड.

पण खरं सांगू? मी रिवाइंड करून पाहत होते जपानच्या मिहो ताकागीला. १५ व्या वर्षी, २०१० मध्ये ती ऑलिम्पिकला गेली आणि २०१४ च्या टीममध्ये तिची निवडच झाली नाही. २०१९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत तिनं १ मिनिट ४९.८३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. १ मिनिट ५० सेकंदांच्या आत येणारी पहिली बाई! आणि ऑलिम्पिकच्या १५०० मध्ये? २०१८ ला व्यूस्टपेक्षा ०.२० सेकंद मागे. २०२२ ला ०.४४ सेकंद मागे. दोन्ही वेळा सिल्व्हर. दहा दिवसांनी तिनं १००० मीटरचं गोल्ड घेतलं. त्या आधीचे दहा दिवस तिनं कसे काढले असतील, याचा विचार माझ्या डोक्यातून जाता जात नाही.

कारण सध्या माझे तसेच दिवस चाललेत. मास कॉमच्या बॅचमधले निम्मे लोक आतल्या लेनमध्ये सुसाट दिसतात. लिंक्डइन उघडलं की कुणाचं प्रमोशन, कुणाचा ठाण्यात टू-बीएचके. माझं एक पेमेंट चार महिने अडकलेलं. आई भाजी निवडता निवडता म्हणते, "अगं, असं किती दिवस चालणार?" टोमणा नसतो तो. तिला खरंच जाणून घ्यायचं असतं, आणि माझ्याकडे तारीख नाही.

गेल्या महिन्यात एका कंपनीच्या कंटेंट टीममधून ऑफर आली. पॅकेज सॉलिड. पण रिपोर्टिंग बंद. बाहेर लिहायला परवानगी नाही. चार रात्री मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. नाही म्हटलं तर किती महिने तग धरीन? हो म्हटलं तर दोन वर्षांनी परत लिहायला बसेन का? मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, आता तरी स्पीड पकड!" पण प्रश्न स्पीडचा नव्हताच. मी दमले होते, आणि दमले असताना काय सोडायचं नाही, एवढंच ठरवायचं होतं.

महिन्याला एक मोठी स्टोरी. ती सोडायची नाही. बाकी सगळं निगोशिएबल.

सोमवारी मी त्यांना मेल टाकला: आठवड्यातले तीन दिवस तुमचे, उरलेले माझे, पैसे त्या हिशेबानं. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "नाही म्हणाले तर?" मी म्हटलं, "तर पुढच्या महिन्यात दुसरीकडे विचारीन."

उत्तर अजून यायचंय. तोवर मी पुढच्या स्टोरीसाठी उद्या सकाळी ६.१० ची कसारा लोकल पकडतेय.