शिष्याकडून पराभव

गेल्या वर्षी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कन्येच्या घरी, अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी राहण्याचा योग आला. तेथील क्रीडांगणात लाखाहून अधिक माणसे एका वेळी बसतात, हे ऐकून मी थक्क झालो. खेळाचे नाव फुटबॉल. पण चेंडू लांबट, आणि तो पायापेक्षा हातातच अधिक! हा खेळ मला अखेरपर्यंत नीटसा उमगला नाही. परंतु एके संध्याकाळी जावईबापूंनी एका जुन्या हंगामाची हकीकत सांगितली, ती मात्र मनात घर करून राहिली. कारण ती खेळाची कमी आणि गुरुशिष्यांची अधिक आहे.

मिशिगन आणि शेजारचे ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस. ओहायोचे मुख्य प्रशिक्षक वुडी हेज मोठे करारी व तापट गृहस्थ. १९६८ साली त्यांच्या संघाने मिशिगनचा ५० विरुद्ध १४ गुणांनी धुव्वा उडविला. तेव्हा मिशिगनने नवा प्रशिक्षक आणला, बो शेंबेकलर. हे कोण? तर खुद्द हेज यांचेच शिष्य! विद्यार्थिदशेत त्यांच्या हाताखाली खेळलेले आणि पुढे पाच वर्षे ओहायोत त्यांचे साहाय्यक.

शेंबेकलर यांनी गुरूकडून घेतलेली कडक शिस्त मिशिगनमध्ये लागू केली. सराव इतका कठोर, की कित्येक मुले संघ सोडून गेली. जे टिकतील ते विजेते ठरतील, अशा अर्थाची पाटी त्यांनी लावली. १९६९ च्या हंगामात पहिल्या पाच सामन्यांपैकी दोन ते हरले; मिझूरीने तर ४० विरुद्ध १७ असे हरविले. आमच्याकडे असते तर पालक तक्रार घेऊन दारात उभे राहिले असते! पण त्यांनी आपला मार्ग सोडला नाही. मग ओळीने चार विजय मिळाले. त्यांत इलिनॉयविरुद्ध ५७-० आणि आयोवाविरुद्ध ५१-६. गतवर्षीचा तो ५० चा आकडा मात्र त्यांनी खेळाडूंच्या डोळ्यांपुढून हलू दिला नाही.

२२ नोव्हेंबर रोजी गुरू आणि शिष्य समोरासमोर आले. ओहायोने त्यापूर्वी सलग २२ सामने जिंकलेले. पण शिष्याला गुरूची रीत मुखोद्गत होती. मिशिगन २४-१२ असे जिंकले. सारे गुण पूर्वार्धातच झाले. उत्तरार्धात कोणासही एक गुण मिळविता आला नाही. पुढे १९७० च्या नववर्षदिनी कॅलिफोर्नियात मोठा सामना होता. त्याच्या आदल्या रात्री शेंबेकलर यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि त्यांच्यावाचून खेळलेला संघ १०-३ असा हरला. तरीही त्या हंगामाने मिशिगनचे दिवस पालटले.

ही हकीकत ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. कन्येने विचारले, "बाबा, बरे वाटत नाही का?" तिला काय सांगावे? माझाही एक शिष्य माझ्याच शाळेत संस्कृत शिकवावयास आला होता. मी तीस वर्षे रूपे घोकून घेत असे; त्याने मुलांना आधी गोष्टी वाचावयास दिल्या आणि रूपे त्यांतून शिकविली. शालान्त परीक्षेत त्याच्या वर्गाने माझ्या वर्गाला मागे टाकले. त्याच्या सत्काराचे आमंत्रण घेऊन तो स्वतः घरी आला. मी प्रकृतीचे निमित्त सांगितले. प्रकृती उत्तम होती. शिष्याकडून पराजयाची इच्छा करावी, हे वचन मी किती वर्गांत समजावून सांगितले असेल! स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र ते आठवले नाही.

हेज आणि शेंबेकलर त्यानंतर आणखी नऊ वर्षे झुंजले. दहा लढतींत शिष्याने पाच जिंकल्या, गुरूने चार, आणि एक बरोबरीत सुटली. हेज १९८७ साली वारले. त्यापूर्वी काहीच दिवस, प्रकृती ढासळलेली असतानाही, ते एका समारंभास गेले होते. कशासाठी? तर तेथे शेंबेकलर यांचा परिचय करून देण्यासाठी. तो तापट मनुष्य आजारी असून गेला, आणि मी धडधाकट असून घरी बसलो.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी शाळेत गेलो. तो वर्गात शिकवीत होता. मला पाहताच लगबगीने बाहेर आला आणि वाकून म्हणाला, "गुरुजी, आपण कशाला त्रास घेतला? मीच आलो असतो."

मी म्हटले, "तू आला होतास, तेव्हा मीच आलो नाही. आता मागल्या बाकावर बसून तुझा तास ऐकावयाचा आहे."

त्याने पुढची खुर्ची देऊ केली. मी मागल्या बाकावरच बसलो.