काय रांग?

व्हिएतनाममधल्या कान्थोच्या तरंगत्या बाजाराचं नाव आहे काय रांग. पहाटे साडेपाचला आम्ही आठ जण होडीत बसून पोचलो, पण रांग काही दिसेना. मोजून वीसेक होड्या, त्यातल्या निम्म्या आमच्यासारख्या टूरिस्टांच्या!

बाजार मात्र भारी. पाट्या नाहीतच. उभ्या बांबूला अननस टांगला की अननस विकायला, भोपळा टांगला की भोपळा. आणि झावळी टांगली असेल तर चक्क ती होडीच विकायला! (युजर इंटरफेस असावा तर असा.)

"बाकीच्या होड्या कुठे गेल्या?" मी गाईडला विचारलं. तो म्हणाला, "दुपारी दाखवतो."

दुपारी सायगॉनला निघालो. (१९७६ पासून अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी, पण सगळे सायगॉनच म्हणतात.) हाऊ नदीवरच्या पुलावर गाईडने खाली बोट दाखवलं. पूर्वी इथे फेरीबोट असायची. पूल २०१० मध्ये सुरू झाला. २००७ मध्ये बांधकाम चालू असताना त्याचा भाग कोसळून पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे तिएन नदीवर २००० चा मी थुआन पूल, त्याच्या शेजारी २०२३ चा दुसरा. आता ट्रक थेट बागेतून माल उचलतो.

त्याची आई वीस वर्षं होडीवर अननस विकायची. आम्ही हळहळलो. तो म्हणाला, "आई खूश आहे. माझे बाबा फेरीच्या रांगेत गेले, दवाखान्यात पोचायच्या आत."

मग बसमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. चार तासांत सायगॉन, आणि स्कूटर्सचा महापूर.