कातोंगच्या जुन्या दुकानातला चहा

गेल्या वर्षी सिंगापूरला जाण्याचा प्रसंग आला. भाचा तिथे जहाजाच्या गोदीत वेल्डर आहे, त्यानेच तिकीट काढले. उंच इमारती पाहून मान दुखली. लक्षात राहिले ते कातोंग भागात ईस्ट कोस्ट रोडवर असलेले 'चिन मी चिन' हे 1925 सालचे चिनी दुकान. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, नक्षीच्या लाद्या. आपल्याकडचे इराण्याचे हॉटेल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झाले.

अशा दुकानाला तिकडे 'कोपितियाम' म्हणतात. कोपी ही मलय भाषेतली कॉफी आणि तियाम म्हणजे हॉकियन या चिनी बोलीत दुकान. चहाला 'ते' म्हणतात. "मामा, दूध नको तर 'ते ओ' म्हणायचं, साखरही नको तर 'ते ओ कोसोंग'," भाच्याने शिकवले. कोसोंग म्हणजे रिकामे. मी साधा 'ते' घेतला, डब्यातले घट्ट गोड दूध घातलेला. हाच 'ते' समुद्रमार्गे युरोपात जाऊन 'टी' झाला. आपला 'चहा' चीनच्याच दुसऱ्या बोलींतल्या 'चा'वरून आला.

सोबत कोळशावर भाजलेला बन, त्यात लोणी आणि 'काया'. काया म्हणजे नारळाचे दूध, अंडी आणि साखर मंद आचेवर आटवलेली. शिवाय क्रीम भरलेले खुसखुशीत शंकू.

ही दुकाने बहुतेक हैनान बेटावरून आलेल्या लोकांनी काढली. ते इतर चिन्यांपेक्षा उशिरा आले. तोवर चांगले धंदे हॉकियन, तिओच्यू, कँटोनी लोकांनी आपापल्यात वाटून घेतले होते. भाषा वेगळी, म्हणून यांना शिरकाव नाही. मग हे इंग्रजांच्या घरी, हॉटेलांत आणि जहाजांवर आचारी नाहीतर नोकर झाले. तिथे पाव भाजणे, केक करणे, कॉफी बनवणे शिकले आणि पुढे त्याच विद्येवर स्वतःच्या दुकानाचे मालक झाले. साहेबाच्या स्वयंपाकघरातली विद्या अशी रस्त्यावर आली, हे मला त्या बनपेक्षा गोड लागले.

आमच्या शेजारी एक तमिळ गृहस्थ होते, पलीकडे एक चिनी आजी. कप सगळ्यांना एकाच मोरीतून येत होते. माझ्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमची कपबशी बाहेर कोनाड्यात असे. चहा पिऊन आपणच विसळून ठेवायची. तो जाड कप हातात घेताना ते आठवलेच.

हे दुकान 2018 च्या अखेरीस बंद पडले होते. तेव्हा जुनी गिऱ्हाईके हळहळली. 2021 साली ते पुन्हा उघडले, बाहेरच्या भागीदारांना घेऊन. आता तरुणांची रांग लागते. आम्ही पाऊण तास उभे होतो.

निघताना ताईसाठी कस्टर्ड पफ बांधून घेतले. ते विमानतळापर्यंतही टिकले नाहीत.